तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हे तुमच्या घरातलंच का?’

कादंबरी येऊन दोन वर्षं होत आली. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, महाद्वार रोडला भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर अंबाबाईच्या दर्शनरांगेतसुद्धा मला हाच प्रश्न आला. शिकलेली माणसं आडून विचारतात, ‘सुचतं कसं हो तुम्हाला असलं?’ पण कोल्हापूरकराला आडून फार वेळ बोलवत नाही. ‘वैनी, हे तुमच्या घरातलंच हाय न्हवं?’ विचारतात मला आणि बघतात आमच्या यांच्याकडं. हे बिचारे पिशवी धरून उभे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : शुक्रवार पेठेतला जुना वाडा, बावीस वर्षांचा संसार. गोष्ट बायको सांगते आणि ती खोटं बोलते. नवराही बोलतो. शेवटाकडं एक माणूस नाहीसा होतो.

तर आमच्या घरातून कुणी नाहीसं झालेलं नाही. खोटं मात्र घरातलं आहे, आणि ते यांचं नाही, माझं आहे.

2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा आला. कायदा आला म्हणून माहेर बदलत नाही. वडील गेल्यावर, 2008 मध्ये, भावाचा निरोप आला, ‘ताई, तेवढी सही करून जा.’ दूधगंगेकाठची उसाची जमीन, माझ्या वाट्याला बावीस गुंठे येत होते. कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला, दोन साक्षीदार उभे राहिले. ‘स्वखुशीने व विनामोबदला’ असं लिहिलेल्या हक्कसोडपत्रावर मी सही केली. घरी पुरणपोळी होती. वहिनीनं ओटी भरली, निघताना काकवीचा डबा दिला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. माहेरचं दार उघडं राहिलं, एवढंच तेव्हा वाटलं.

वाईट पुढं झालं. त्याच वर्षी घराच्या दुरुस्तीला पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. हप्ता भरताना ओढाताण व्हायची. एकदा हे म्हणाले, ‘तुझी वाटणी झाली असती तर जरा हात मोकळा झाला असता.’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अजून वाटप झालेलं नाही.’

एक वाक्य. त्याला मग मी अकरा वर्षं पोसलं. दर भाऊबीजेहून परत आले की हे विचारायचे, ‘काय म्हणतंय वाटप?’ मी म्हणायचे, ‘दादा म्हणतोय पुढच्या वर्षी बघू.’ कागद मी रुखवताच्या विणकामाच्या वहीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. एका दिवाळीला यांनी विचारलंच नाही, तर मीच आपण होऊन म्हणाले, ‘यंदाही काही झालं नाही हं.’ न मागता दिलेलं खोटं! ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वर्षी पंचगंगा 55 च्या वर गेली. शिरोलीला हायवे बंद. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बहिणीकडं गेलो. परत आलो तेव्हा ट्रंक पाण्यात बसून बसून फुगली होती. वीज आली त्या दिवशी यांनी सगळे कागद खाटेवर पसरले, वर वाट्या-चमचे ठेवले आणि पंखा लावला. विम्याच्या पॉलिश्या, पोरांच्या मार्कलिस्टा, लग्नातले फोटो. मी दारात चिखल खरवडत होते. यांनी विणकामाच्या वहीतून तो कागद काढला, घडी न उलगडता माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, ‘हे तुझ्या भावाच्या जमिनीचं. वेगळं वाळव.’

भावाच्या जमिनीचं.

रात्री विचारलं, ‘कधीपासून माहीत होतं?’

‘पहिल्यापासनं.’

‘मग दर दिवाळीला विचारत का होता?’

‘तू सांगतीस का बघत होतो.’ एवढं बोलून हे पाण्याची मोटर लागते का बघायला गेले. कळलं कसं, ते यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठलं?

त्यानंतर कित्येक रात्री मी त्या अकरा भाऊबीजा पुन्हा पहिल्यापासून काढल्या. एका वर्षी हे संत्र सोलत होते. ‘काय म्हणतंय वाटप?’ असं विचारून फोडीवरची एकेक शीर काढत बसले होते. तेव्हा वाटलं होतं, किती भोळा माणूस! अकरा वर्षं मला यांची कीव येत होती. आता कळलं, समोरून माझीच येत होती. की राग होता? की गंमत? ते अजून कळलेलं नाही, आणि ही कादंबरी त्या न कळण्यातून आली. लोकांना वाटतं नवरा-बायकोच्या थरारकथेत भीती गुपिताची असते. गुपित उघडं पडलं की निदान भांडता तरी येतं. गुपित समोरच्याला ठाऊक आहे आणि तो गप्प राहून आपल्याला बोलू देतोय, तिथं मात्र हात-पाय गार पडतात.

हल्ली पोरी ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. तो शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून आला. लंडनमधलं घर. नवरा रात्री चोरून वरच्या मजल्यावर माणकं शोधायला जातो, तिथं दिवा लावतो, त्यामुळं खालचा गॅसचा दिवा मंदावतो, आणि बायकोला तो पटवत राहतो की तुला भास होतात. नाटक पक्कं आहे. पण मी ते शुक्रवार पेठेत आणायला गेले आणि फसले. आमच्या वाड्यात माळ्यावर नुसतं पाऊल वाजलं तरी शेजारच्या खोलीतून हाक येते, ‘कोण हाय रं वर?’ तिसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर चर्चा. असल्या गावात बाईला भास होतात हे पटवायचं तर आधी आख्खी गल्ली पटवावी लागेल! लिहिलेली चाळीस पानं मी फेकली. परदेशी कादंबऱ्यांतलं एकाकी घर आपल्याकडं नाही. आपल्याकडं खोटं चारचौघांत, ताटावर बसून, भाजी वाढता वाढता बोललं जातं.

मग लपवायचं कशात? भाषेत. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. बाकी जन्मभर ‘हे’. माझी नायिका पहिल्या पानापासून ‘हे’ म्हणते. पहिल्या प्रकरणातले ‘हे’ आणि अकराव्यातले ‘हे’ एकच माणूस असं तुम्ही धरून चालता, कारण बाईला एकच ‘हे’ असतो असं आपण सगळेच धरून चालतो. एका वाचकानं फोन करून मला चक्क शिव्या घातल्या, ‘फसवलंत!’ म्हणाला. इतकं गोड कौतुक मला कुणी केलेलं नाही.

दुसरी सोय नावाची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि जुनी मुलगी पुसली जाते. पुसली जाते कुठली! सातबाऱ्यावर ती तशीच असते. सासरी एक बाई, उताऱ्यावर दुसरी, दोघींची सही वेगळी. माझ्या नायिकेचं अर्धं कारस्थान यावरच चालतं. मला ते रचावं लागलं नाही, हक्कसोडपत्रावर माझंही माहेरचंच नाव आहे.

आता राहिला पोटप्रश्न, जो थेट यांनाच विचारला जातो : ‘तुम्ही वाचली काय हो?’ यांचं उत्तर ठरलेलं. ‘मला नाही जमत एवढं जाड पुस्तक. पेपर वाचतो तेवढा बास.’ कट्ट्यावर हशा होतो, हे किटली उचलतात.

कादंबरीतही एक हक्कसोडपत्र आहे, आणि नवऱ्याला ते कळतं ते फेरफाराच्या, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याच्या, नोटिशीवरून. शेवटची मुद्रितं घरी आली होती तेव्हा मी त्यात लिहिलेलं होतं की नोटीस तहसील कचेरीत लागते. रात्री गठ्ठा टेबलावर ठेवून झोपले. सकाळी त्या पानावर ‘तहसील कचेरीत’ यावर पेन्सिलीची रेघ होती आणि समासात डावीकडं कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चावडीवर लागते. हरकतीला पंधरा दिवस.’

मी दुरुस्ती तशीच ठेवली. पेन्सिलीचं तेवढं खोडून मुद्रितं पाठवून दिली. यांना काही बोलले नाही.