तुम्ही विचारलंत म्हणून: मॅग्मा ऐकायचं तर सुरुवात कुठून?

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. कधी भाचा, कधी माझ्या तबल्याच्या क्लासला येणाऱ्या एखाद्या पोट्ट्याचा मोठा भाऊ, कधी नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोहे खाताना भेटलेला ओळखीचा कोणी, की भाऊ तुम्ही ते मॅग्मा का काय ऐकता ना, मलाही ऐकायचंय, कुठून सुरू करू? मी प्लेट हातात धरून पंधरा मिनिटं बोलतो, पोहे थंड होतात, आणि समोरचा "हो हो, पाठवा लिंक" म्हणून गाडीला किक मारतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅग्मा हा फ्रान्सचा बँड, १९६९ मध्ये सुरू झालेला. त्याचा कर्ता-करविता म्हणजे क्रिस्तियाँ वांदेर, आणि हा माणूस ड्रमर आहे, म्हणजे आपल्याकडे तबलजीनेच मैफल ठरवावी, बंदिशी बांधाव्या आणि गवयाला कुठे बसायचं तेही सांगावं तसं. (मला तबलजी म्हणून हे फार आवडतं, लपवत नाही.) अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, त्याचा हा निस्सीम भक्त. १९६७ मध्ये कोल्ट्रेन गेला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता आणि पार कोसळला होता. त्यातून बाहेर पडून बँड काढला तो असा की गाणी फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीत नाही, तर याने स्वतः तयार केलेल्या भाषेत, कोबायनमध्ये. गोष्ट अशी की पृथ्वीची वाट लागलेली, काही माणसं इथून निघून कोबाया नावाच्या ग्रहावर जाऊन वसतात, आणि मग अल्बममागून अल्बम तेच पुराण. या प्रकारच्या म्युझिकला नावही त्याच भाषेतलं पडलं, झॉइल, आणि पार जपानपर्यंत तसे बँड निघाले.

आता दुसऱ्या कुठल्या बँडबद्दल विचारलं असतं तर म्हटलं असतं, पहिल्यापासून लावा आणि ऐकत जा, सोपं आहे. इथं क्रमच गंडलेला आहे. यांची तीन भागांची एक मोठी रचना आहे, त्यातला तिसरा भाग १९७३ मध्ये आला, दुसरा १९७४ मध्ये, आणि पहिला भाग रेकॉर्डवर यायला १९८१ उजाडलं, तोही लाइव्ह. तीन भागांची आणखी एक आहे, तिच्यातला मधला भाग १९७४ चा, पहिला २००४ चा आणि शेवटचा २००९ चा. म्हणजे आधी मुंज, मग तीस वर्षांनी बारसं, आणि त्यानंतर लग्न. तारखेने लावा नाहीतर गोष्टीने लावा, दोन्हीकडून डोकं फिरतं.

माझं स्वतःचं तर आणखीनच उलटं झालं. २००७ च्या आसपास एका मित्राने हार्ड डिस्क दिली होती, त्यात शेकडो फोल्डर, आणि एका फोल्डरमध्ये सात फाइली ज्यांच्या नावात मधेमधे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती, कारण कोबायनमध्ये अक्षरांच्या डोक्यावर टिंबंच टिंबं असतात आणि माझ्या कॉम्प्युटरला ती झेपत नव्हती. तो होता १९७३ चा 'मेकानिक डेस्ट्रुक्टिव्ह कोमांडोह', सगळे एमडीके म्हणतात तो, वर सांगितलेला तिसरा भाग. आता ही सात गाणी नाहीतच मुळी, ३८-३९ मिनिटांचं एकच सलग काम आहे, सात ठिकाणी कापलेलं. फाइलींना नंबर नव्हते म्हणून विनॅम्पने इंग्रजी एबीसीडीप्रमाणे रांग लावली आणि चौथा तुकडा, 'दा झॉइल वोर्ट्झ मेकानिक', सगळ्यात आधी वाजायला लागला. सहा महिने मी तसंच ऐकलं. वर प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा. तरी आवडलं म्हणजे बघा. पुढे पुण्याला एकाकडे ओरिजिनल सीडी होती, त्याने लावली आणि मी म्हणालो, अरे हे चौथ्या नंबरवर काऊन वाजून राहिलं, सुरुवात कुठाय? तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्या दिवशी नीट ऐकलं तेव्हा कळलं काय चुकत होतं. पहिला तुकडा साडेनऊ मिनिटांचा आहे आणि तो फक्त दाब वाढवतो. कोरस, ब्रास, पियानो, एकच ओळ घासूनघासून, जरा सरकते, पुन्हा तीच. दुसरा, तिसरा तेच काम पुढे नेतात. चौथ्यात जी धावपळ आहे ती या दाबावर उभी आहे, आणि मी रोज दाब न खाताच धावत होतो. मग पाचव्यात तो माणूस किंचाळायला लागतो तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हो, आता किंचाळायलाच पाहिजे.

भाषेचं काय, हा दुसरा प्रश्न ठरलेला. अर्थ कळत नाही मग ऐकायचं कसं? अरे बाबा, तराणा ऐकताना तुम्ही 'तनोम दिर दिर'चा अर्थ शोधता का? पण तराण्यापेक्षा मला जवळचं वाटतं ते मारबत. नागपूरबाहेरच्यांना सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, मोठाले पुतळे, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि अख्खा जमाव ओरडत असतो, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून मी पण ओरडायचो. इडा म्हणजे काय, पिडा म्हणजे काय, कोणाला विचारायची गरज पडली नाही. हजार माणसं एकाच ठेक्यावर एकच ओळ ओरडतात तेव्हा शब्द कानातून आत जातच नाहीत, छातीतून जातात. एमडीकेचा कोरस तसा आहे. माझ्या आईने पहिल्यांदा स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा तिने विचारलं, "काऊन रे, कोणाची आरती लावली?" तिला जे दोन मिनिटांत कळलं ते इंटरनेटवर कोबायनच्या डिक्शनऱ्या शोधणाऱ्यांना वर्षभरात कळत नाही. डिक्शनरी नंतर बघा, बघायचीच असेल तर.

तर मग एमडीकेपासून सुरू करायचं का? बहुतेक लोक तेच सांगतात. मी नाही सांगत. मी आधी सांगायचो, आणि दहातले आठ जण पाचव्या मिनिटाला बंद करायचे, कारण स्टुडिओतला तो कोरस पहिल्या भेटीत जरा अंगावरच येतो, लष्करी परेडीसारखा, आणि माणूस घाबरतो की हे काय कल्ट-बिल्ट आहे का.

माझं उत्तर: १९७५ चा लाइव्ह अल्बम. जूनमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरच्या तावेर्नमध्ये रेकॉर्ड केलेला, दोन एलपींचा. आणि त्यातही सुरुवातीपासून नाही, सरळ शेवटी जायचं, 'मेकानिक झाइन'वर. एमडीकेचाच माल आहे, पण सोडून, मोकळा केलेला, एकोणीसेक मिनिटं. तबलेवाल्यांना एका शब्दात सांगतो, लेहरा, म्हणजे तबला वाजत असताना पुन्हापुन्हा फिरत राहणारी तीच एक धून. बेस गिटार, बेर्नार पागानोत्ती, एक लेहरा धरतो आणि सोडतच नाही, आणि त्यावर व्हायोलिन सुरू होतं. व्हायोलिन वाजवणारा दिदिए लॉकवुड, तेव्हा एकोणीस वर्षांचा, पुढे जगभर नाव झालं त्याचं. आधी तो नुसता रेंगाळतो, दोन सूर इकडे, तीन तिकडे, असं वाटतं पोरगं घाबरलंय स्टेजवर, आणि खालून वांदेर ड्रमवर ढुशा देत राहतो, चल, चल, आणखी चल, लय कधी वाढली ते कळतच नाही, विलंबितातून द्रुतात कधी आलो हे समेवर आपटल्यावर कळतं. आणि मग कोरस परत येतो. तोच कोरस ज्याला लोक घाबरतात. पण आता पंधरा-सोळा मिनिटांची वाट चालून आल्यावर तो परेडीसारखा वाटत नाही, सुटका झाल्यासारखा वाटतो. भाच्याला मी हेच ऐकवलं, अंबाझरीला गाडीत बसून. मधे एकदा त्याने मोबाइल बाहेर काढला आणि न बघताच खिशात ठेवला, मला तेवढं पुरे होतं.

ते एकदा झालं की त्याच आठवड्यात एमडीके, पूर्ण, एका बैठकीत. मग १९७४ चा 'कोन्तार्कोश', दोन लांब भागांचा, हळू, अंधारा, घाई असेल तर हात लावू नका. त्याचं शेवटचं छोटं गाणं कोल्ट्रेनच्या नावाने आहे, चार मिनिटांची श्रद्धांजली, एवढ्या आदळआपटीनंतर अगदी शांत. मला ते वडील गेले त्या वर्षी फार लागायचं, असो.

बाकीचं भराभर. १९७० चा पहिला डबल अल्बम चांगलाच आहे पण तो जॅझ-रॉकवाला बँड आहे अजून, तिथून सुरू केलंत तर चुकीच्या घरात जाऊन बसाल. 'उदू वुदू', १९७६, त्यातलं फक्त 'दे फुतुरा' घ्या, बेसिस्ट जानिक तोपची रचना, अठरा मिनिटं नुसता बेस घोंगावतो. 'अताक', १९७८, सोपा म्हणून लोक सुचवतात, सोपा आहेच, पण तो ऐकून मॅग्मा कळला असं समजणं म्हणजे हल्दीरामची संत्रा बर्फी खाऊन संत्रं कळलं म्हणण्यासारखं. १९८४ चा 'मेर्सी' राहू द्या. जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज गढूळ वाटत असेल त्यांनी २००४ चा 'के. ए.' घ्यावा, सत्तरच्या दशकातली रचना पण नवीन गळे, नवीन स्टुडिओ, काचेसारखा स्वच्छ. आणि हो, स्नूकरचा सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला स्टीव्ह डेव्हिस या बँडचा एवढा फॅन की १९८८ मध्ये त्याने स्वतः यांचे लंडनमध्ये शो लावले. नातेवाइकांसमोर मॅग्माची बाजू मांडताना ही माहिती कामी येते.

दोन कामाच्या गोष्टी. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस ऐकूच येत नाही आणि बेस गेला की लेहरा गेला. आणि मे महिन्यात कूलर चालू असताना तर अजिबात नको, लोखंडी कूलरची घरघर बरोबर बेसच्याच सुरात बसते, मी एकदा अख्खं 'दे फुतुरा' कूलरसोबत ऐकलं आणि अर्धं कोणी वाजवलं ते आजही सांगता येणार नाही.

आणि शफल बंद आहे ना ते दोनदा बघा. फाइली असतील तर नावाआधी नंबर टाका, एक ते सात, दोन मिनिटांचं काम आहे. मी आता नीट क्रमाने ऐकतो, कितीतरी वर्षं झाली, पण एमडीकेचा तिसरा तुकडा संपत आला की माझा कान अजूनही सातव्याची वाट बघतो.