डोक्याला लावायचं स्टेरॉइड लोशन: घाबरू नका, पण मनाने चालूही ठेवू नका

डोक्यातल्या सोरायसिसला किंवा काही केल्या न जाणाऱ्या कोंड्याला स्किनचे डॉक्टर एक पातळ लोशन लिहून देतात, टोकदार नॉझलच्या छोट्या बाटलीत येतं ते, त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या बाबांना ते गेली काही वर्षं अधूनमधून चालू असतं आणि लावून द्यायचं काम माझ्याकडे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून विचारून बरंच कळलंय. आणि आजूबाजूला बघते तर आत्या म्हणते, "स्टेरॉइड आहे गं ते, फेकून दे आधी", आणि आमच्या बिल्डिंगमधले एक काका तेच लोशन जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणतायत. आता त्यांच्या कपाळावर केसांच्या कडेला कातडी पातळ होऊन चकाकते आणि बारीक लाल शिरा दिसतात. मला वाईट वाटतं खरंच, कारण औषध चांगलंच होतं, ते कधी थांबवायचं हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नाही.

आधी हे होतं काय ते सांगते. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी फार भराभर तयार होतात, एकावर एक जाड पांढरट खपल्या चढतात आणि खाली लाल चट्टा असतो. सेबोरिक डर्मटायटिस म्हणजे तेलकट पिवळसर कोंडा, त्यात मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. दोन्हीकडे सूज आणि खाज असते आणि स्टेरॉइड ती सूज पटकन उतरवतं, दोनचार दिवसांत माणसाला झोप लागायला लागते इतका फरक पडतो. पण ते मूळ आजार मुळापासून काढत नाही. म्हणून कोंड्यासाठी डॉक्टर सोबत किटोकोनाझोल २ टक्के शाम्पू देतात, आठवड्यातून दोनदा, लावून ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा. आपण फेस आला की लगेच पाणी ओततो, मग औषधाला वेळच मिळत नाही.

बाटलीवरचे आकडे वाचताना मात्र लोक हमखास गडबडतात. क्लोबेटासोल ०.०५ टक्के, बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्के, हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का, असं बघून वाटतं की ०.०५ म्हणजे सगळ्यात सौम्य असणार. तर उलटं आहे! क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र गटातलं आणि हायड्रोकॉर्टिझोन सौम्य. टक्क्यांवरून ताकद कळत नाही, औषधाच्या नावावरून कळते. क्लोबेटासोलच्या लेबलवर स्वच्छ लिहिलेलं असतं की सलग २ आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला ५० मिलीच्या वर नाही. आणि ही कमाल मर्यादा आहे हं, डोक्यावरच्या चारपाच चट्ट्यांना लागतं त्याच्या कितीतरी कमी. काही बाटल्यांत बीटामेथासोन डायप्रोपिओनेटबरोबर सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते खपल्या सैल करतं म्हणजे औषध खाली कातडीपर्यंत पोचतं.

आता लावायचं कसं. बाबांना खिडकीशी उजेडात बसवते, केस कोरडे असले पाहिजेत, कंगव्याच्या टोकाने चट्ट्यावरून भांग पाडते, नॉझल अगदी कातडीला टेकवून दोनतीन थेंब सोडते आणि बोटाच्या पेराने हलकेच पसरवते, चोळायचं नाही. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग. केसांवर पडलेलं लोशन वाया गेलं असंच समजायचं, आजार केसांना नाहीये, कातडीला आहे. बाबा दर वेळी "गार लागतंय गं" म्हणतात, कारण त्यात बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि खाजवून ओरखडे पडले असतील तर चांगलंच चुणचुणतं. जास्त आग होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, फोम किंवा दुसऱ्या बेसमधलं औषधही मिळतं. झाल्यावर हात साबणाने धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्याला जातं.

त्या अल्कोहोलवरून एक फार महत्त्वाचं. हे लोशन ओलं असताना पेट घेऊ शकतं. आपल्याकडे संध्याकाळी डोक्याला काहीतरी लावायचं आणि लगेच देवापुढे निरांजन लावायला वाकायचं किंवा गॅसपाशी उभं राहायचं हे अगदी सहज होतं, म्हणून आमच्याकडे दिवाबत्ती, स्वयंपाक सगळं उरकल्यावर रात्रीच लावतो आणि पूर्ण वाळेपर्यंत बाबा बसून राहतात. हेअर ड्रायर नाही, सिगरेट तर नाहीच. वरून टॉवेल गुंडाळायचा नाही की शॉवर कॅप घालायची नाही, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच, कारण झाकलं की औषध जास्त आत शोषलं जातं.

शोषण्याचं म्हणाल तर १९६७ मध्ये फेल्डमन आणि माइबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोनवर केलेला अभ्यास अजून सांगितला जातो. कोपर ते मनगट या भागात हाताच्या आतल्या बाजूला जेवढं शोषलं गेलं त्याच्या साधारण साडेतीन पट डोक्याच्या कातडीतून आणि ६ पट कपाळातून! म्हणजे डोक्यावरचा ओघळ कपाळावर आला तर तिथे औषध अजूनच जास्त शिरतं, आणि चेहऱ्याची कातडी नाजूक, ती लवकर पातळ होते, पुरळ येतात, लाल शिरा दिसायला लागतात, काकांचं तेच झालं. डोळ्यांजवळ वरचेवर गेलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो. म्हणून मी एका हातात टिश्यू धरूनच बसते, ओघळ आला की लगेच टिपायचा. कानामागे आणि मानेवर चट्टे असतील तर त्या जागेला वेगळं सौम्य काही हवंय का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

तेलाचं सगळेच विचारतात. खोबरेल लावलेल्या डोक्यावर लोशन लावू नका, नीट पोचत नाही. सोरायसिसच्या जाड खपल्या मऊ करायला न्हाण्याआधी तासभर तेल लावलेलं चालतं, आमच्या डॉक्टरांनीच सांगितलंय, पण नखाने खपल्या उचकटायच्या नाहीत, रक्त येतं आणि चट्टा अजून भडकतो. तेलकट कोंड्याला मात्र रात्रंदिवस तेल चोपडून ठेवणं वाईट, ती बुरशी त्याच तेलावर पोसते.

आणि थांबवायचं कसं हा खरा प्रश्न. बरं वाटलं की एकदम बंद केलं आणि तीव्र औषध बरेच दिवस चालू असेल तर आजार उसळी मारून परत येऊ शकतो, मग माणूस घाबरून पुन्हा रोज लावतो आणि त्यातून सुटतच नाही. बाबांना डॉक्टरांनी रोजवरून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवत आणलं आणि मधल्या दिवसांत स्टेरॉइड नसलेलं औषध दिलं. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असणार, हे बाबांचं कॉपी करू नका प्लीज. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायची १४ स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर सहज मिळतात हे आपण सगळेच बघतो. मिळतंय म्हणून घ्यायचं नाही, बाटली संपली तर आधी डॉक्टरांना फोन करायचा, मग मेडिकलमध्ये जायचं. दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, पू झाला, केस झुपक्याने जायला लागले, तरी पुढे लावत न बसता दाखवून यायचं.

लहान मुलांच्या बाबतीत तर घरातली बाटली हातात घेऊच नका. मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेले दिसत असतील तर तो बऱ्याचदा नायटा असतो, त्याला पोटातून बुरशीविरोधी गोळ्या लागतात, आणि वरून स्टेरॉइड लावलं की लाली कमी दिसते पण आत तो पसरत राहतो आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. शिवाय मुलांच्या अंगात हे औषध वजनाच्या मानाने जास्त शोषलं जातं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनणं मंदावू शकतं. आजी म्हणेल "आजोबांना गुण आला, पोरालाही लाव थोडं", तिला प्रेमाने थांबवा आणि पोराला दाखवून आणा.