नॅरोबोटनं लँगोलेनपर्यंत: माझा अनुभव

इंग्लंड-वेल्समधले कालवे पाहायचे तर काठानं फिरून भागत नाही, नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोटच भाड्यानं घ्यावी. त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मी, नवरा, धाकटी नणंद आणि तिचे यजमान, आम्ही चौघांनी इंग्लंडमधल्या रेनबरीहून वेल्समधल्या लँगोलेनला जायचं ठरवलं. बोटयार्डातल्या माणसानं इंजिन, गॅस, पाण्याची टाकी आणि टॉयलेट नीट समजावलं, थोडं अंतर सोबत आला आणि टिलर, म्हणजे बोट वळवायचा मागचा दांडा, माझ्या हाती दिला.

बोट ५७ फूट लांब आणि जेमतेम पावणेसात फूट रुंद. टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं, आणि वळतं तेही जरा उशिरानं. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भरभर चालणारा माणूस सहज सोबत राहील. काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही सावकाश जायचं, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात.

खरी कसोटी ग्रिंडली ब्रूकला. इथे सहा लॉक आहेत, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कक्ष, त्यातले वरचे तीन एकमेकांना जोडलेले. एकाचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा दरवाजा, मध्ये बोट थांबवायला जागाच नाही. चढताना सगळ्यात खालचा कक्ष रिकामा आणि वरचे दोन भरलेले असावे लागतात. लॉक-कीपरनं ते तपासलं आणि मगच आम्हाला आत घेतलं. नणंदेनं विंडलास (झडप उघडायचा हँडल) फिरवून पाण्याची झडप उचलली, दाते कटकट वाजत वर चढले आणि पाणी फेसाळत आत आलं. "वहिनी, मागेच धर गं, पुढं येऊ देऊ नकोस!" ती वरून ओरडत होती. शेवाळलेली भिंत माझ्या खांद्याजवळून हळूहळू खाली गेली आणि डोकं वर आलं तेव्हा समोर सपाट, शांत कालवा! तो आनंद मला पुढच्या कुठल्याही लॉकला तितका झाला नाही.

व्हिचर्च हे मनोऱ्यावरच्या घड्याळांचं गाव. जे. बी. जॉइस यांची घड्याळं इथलीच. पुढे ब्लेक मेअरच्या कडेनं जाताना तळं आणि कालवा यांच्यात फक्त झाडांची रांग उरते. एल्समिअरला कालव्याच्या एका छोट्या फाट्यावर बोट बांधली की बाजार चालत गाठता येतो. कांदे-बटाटे घेऊन आलो आणि बोटीतल्या शेगडीवर पोहे केले.

चर्कला १८०१ सालच्या जलसेतूवरून (कालवा दरीवरून नेणाऱ्या पुलावरून) वेल्समध्ये शिरलो, आणि लगेच ४२१ मीटरचा बोगदा. आत दोन बोटी मावत नाहीत, म्हणून समोर दिवा दिसतो का ते आधी पाहावं लागतं. मग पोंटकसिल्टी. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचा हा जलसेतू १८०५ मध्ये खुला झाला: ३०७ मीटर लांबीचं ओतीव लोखंडाचं पन्हाळ, खाली सुमारे ३८ मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. टिलर धरून त्या बाजूनं खाली पाहिलं तर थेट झाडांचे शेंडे. २००९ पासून हा जागतिक वारसा आहे, आणि तरी रोज बोटी जातात-येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

ट्रेव्हरला डावीकडे तीव्र वळण, पुढे इतका अरुंद भाग की एकानं उतरून पुढे चालत जाऊन वाट मोकळी आहे का ते पाहावं. लँगोलेनला बोट बांधून आम्ही चालत हॉर्सशू फॉल्सला गेलो. टेलफर्डच्या या बंधाऱ्यातून डीचं पाणी कालव्यात सोडलं जातं. १९४४ च्या कायद्यानं इथली जलवाहतूक बंद झाली, पण कालव्याच्या दुसऱ्या टोकाच्या हर्लस्टनच्या जलाशयाला पाणी हवं होतं म्हणून कालवा बुजवला गेला नाही आणि आज त्यावर पुन्हा बोटी चालतात. पाणी त्या जलाशयाकडे वाहत असल्यामुळेच जाताना उलटा प्रवाह जाणवतो, आणि परतीला तोच मदत करतो.

परतताना लॉक उतरायचे असतात. वरच्या दरवाज्याशी पाण्याखाली सिल नावाचा उंबरा असतो आणि तो कुठवर आहे ते भिंतीवर रंगवून दाखवलेलं असतं. कक्ष रिकामा होईपर्यंत बोटीचा मागचा भाग त्या खुणेच्या पुढेच ठेवा.