आमची वाटचाल : पत्रा, कॅनव्हास आणि कागद

कोल्हापुरात 'पेंटर' हे आडनावही होऊ शकतं. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, पुढे सिनेमेही काढले. आमच्या अण्णांनाही गल्लीत सगळे पेंटरच म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या नंबर प्लेटा, निवडणुकीच्या भिंती हे त्यांचं काम. पत्र्यावर आधी रेड ऑक्साइड म्हणजे गंज रोखणारं तांबडं अस्तर, मग एनॅमलचे दोन हात, दोरी मारून रेघा आणि त्यावर अक्षर. वेलांटी एका दमात, ब्रश न उचलता. त्यांच्या हाताखाली डबे ढवळतच मी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आणि पुढे चित्रकला शिकलो.

फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांचं काम आटलं. अण्णा दुकानात नुसते बसून राहायचे, ते मला बघवत नव्हतं. मग आम्ही पोर्ट्रेटकडे वळलो. लोक घरातल्या आजोबांचा विटका पासपोर्ट फोटो आणायचे, मी त्यावर चौकटी आखून कॅनव्हासवर मोठा करायचो. अण्णांचा रंग जुळवण्याचा हात इथं कामाला आला. सावळ्या कातडीतला हिरवट रंग त्यांना माझ्या आधी दिसायचा.

पहिली मोठी चूक मी तेव्हाच केली. एका कुटुंबाला वर्षश्राद्धासाठी आईचं ऑइल पोर्ट्रेट हवं होतं, हातात दिवस पंधरा. मी होकार दिला आणि वरून कोरडं लागतंय म्हणून वार्निशही मारलं. पुढच्या वर्षी त्या माऊलीच्या कपाळावर बारीक भेगा पडल्या होत्या. ऑइल रंग जवसाच्या तेलात कालवलेला असतो आणि ते तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. वरचा थर सुकला तरी आतला ओला असतो, त्याची हालचाल चालू राहते आणि वरचं कडक वार्निश तडकतं. पोर्ट्रेट पुन्हा करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून एक नियम पाळतो : पंधरा दिवसांत हवं असेल तर चारकोल म्हणजे कोळशाची कांडी, किंवा अॅक्रिलिक म्हणजे पाण्यात कालवायचा, लवकर सुकणारा रंग. ऑइल हवं असेल तर थांबायची तयारी हवी. या नियमापायी काही ऑर्डरी गेल्या, पण कपाळावरच्या भेगा मला पुन्हा बघायच्या नव्हत्या.

जलरंगाकडे मी उशिरा आलो. एनॅमलमध्ये चुकलं तर पुसून पुन्हा मारता येतं. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद, तो एकदा झाकला की गेला. मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र पाहिलं आणि बराच वेळ तिथून हललो नाही. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड ऑइलचा वाटतो, पण ते जलरंगच आहे. परत आल्यावर 300 जीएसएमचा जाड सुती कागद घेऊन रोज पहाटे रंकाळा तलावावर बसू लागलो. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनीही याच परिसराची निसर्गचित्रं काढली होती. मे महिन्यात ब्रश टेकेपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकतो, म्हणून पाण्यात ग्लिसरिनचा एखादा थेंब टाकतो. श्रावणात तोच वॉश तासभर ओला राहतो. आमचं निसर्गचित्रांचं काम यातूनच उभं राहिलं.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर परिसरातल्या आमच्या दुकानात शिरलं. ओसरल्यावर आत गेलो तेव्हा खालच्या कप्प्यातल्या जलरंगांचे कागद जवळजवळ कोरे होते. डिंकात कालवलेला रंग पाण्याबरोबर निघून गेला होता. सरसाचं अस्तर दिलेल्या जुन्या कॅनव्हासवरची ऑइल्स तर अजून वाईट. सरस फुगला, कापड आटलं आणि रंगाचे पापुद्रे सुटले. अॅक्रिलिक मात्र चिखल धुतल्यावर बहुतेक जसंच्या तसं निघालं. आणि चारकोल! कोळसा पाण्यात विरघळत नाही. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारलेली तीन चित्रं कागद सुरकुतूनही चेहऱ्यासकट राहिली. अण्णांनी त्यातलं एक हातात घेतलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "बाळ, हे वरच्या मजल्यावर ने."

आता स्टुडिओ वरच्याच मजल्यावर आहे. शनिवार-रविवार मुलांचा वर्ग भरतो. पहिले सहा महिने फक्त पेन्सिल आणि चारकोल, पालक कितीही म्हणाले तरी. जलरंग आणि पेस्टलला काच लावतो, पण मध्ये माउंट म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घालून, त्यामुळे रंग काचेला चिकटत नाही. ऑइलला काच लावत नाही. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे माध्यम, कागद किंवा कापड आणि पूर्ण झाल्याची तारीख पेन्सिलीनं लिहितो. ऑइल नेणाऱ्यांना वर्षभरानं वार्निशसाठी परत बोलावतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. बरेचजण खरंच येतात, चित्र जुन्या चादरीत गुंडाळून, स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून.