दहा एमएमचं भोक आणि पाव फेरा

वळवाच्या पावसात बांधावरची बाभूळ आडवी झाली आणि ती कापताना माझी मशीन निम्म्या खोडातच दम टाकायला लागली. मशीन म्हणजे 41 सीसीची छोटी चेनसॉ, चार वर्षांपूर्वी घेतलेली. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. जुनी बाग काढली की तारेत गुंतलेली खोडं मोकळी करायची, बांधावरच्या फांद्या उतरवायच्या, एवढंच तिचं काम. सायलेन्सर मोकळा केला की मशीन कशी सुसाट पळते याचे व्हिडिओ मी रात्री जागून पाहिले होते. तेच डोक्यात घेऊन नाशिकच्या अंबडला नानांच्या गाळ्यावर गेलो. नाना आमच्या लांबच्या नात्यातले. एकेकाळी स्कूटरचे मिस्त्री होते, आता फॅब्रिकेशन करतात.

"नाना, सायलेन्सरला एक मोठं भोक पाडून द्या."

नानांनी मशीन उचलून आधी सायलेन्सरचा वास घेतला. "पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकतोस?"

"अंदाजानं. बुचानं."

"मग आधी जाळी बघू. भोक कुठं पळून जात नाही."

दोन ॲलन बोल्ट काढले, सायलेन्सर हातात आला. तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते, तिची करपलेली भाकरी झाली होती. पलीकडचा उजेडच दिसेना. मशीनच्या पुस्तकात लिटरला 20 मिली ऑइल सांगितलंय, माझं बूच मोजलं तर जवळजवळ 40 मिली जात होतं. नानांनी जाळी गॅसवर लाल होईस्तोवर भाजली, गार केली आणि वायर ब्रशनं झटकली. "चेतक स्कूटरचे सायलेन्सर असेच भाजायचो आम्ही," म्हणाले. सिलिंडरच्या तोंडातून धूर बाहेर पडतो तिथला कार्बन काढताना पिस्टन वर घेऊन ते भोक झाकून घेतलं, आणि खरवडायला लाकडाची काडी वापरली, स्क्रूड्रायव्हर नाही. मग चेनला 4 एमएमच्या गोल कानसीनं प्रत्येक दाताला पाच-पाच हात मारले.

बाभळीचा दहा इंची ओंडका मी गाडीतून नेला होता. आल्या आल्या मोबाईलवर वेळ लावून एक काप घेतला होता, 24 सेकंद. आता तोच काप 19 वर आला. म्हणजे ज्यासाठी मी ड्रिल शोधत होतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम गॅसनं आणि कानशीनं फुकटात केलं. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हौस!

नानांनी कॅलिपर काढला. सिलिंडरचं धूर सोडायचं तोंड साधारण 24 बाय 11, म्हणजे 264 चौरस एमएम. सायलेन्सरचं मूळ भोक 11 एमएमचं, म्हणजे 95. धुराला सिलिंडरमधून सुटायला दरवाजा आणि घराबाहेर पडायला खिडकी! शेजारी 10 एमएमचं आणखी एक पाडलं की दोन्ही मिळून 173 होतात, मूळ तोंडाच्या दोन-तृतीयांश. त्याहून फार मोठं केलं तर आवाजच वाढतो, ताकद नाही.

मी विचारलं, मग यामाहाच्या आरएक्स-100 मोटरसायकलचा सायलेन्सर कापला की गाडी मरते असं का म्हणतात? नाना खूश झाले, हा त्यांचा विषय. आरएक्सच्या सायलेन्सरचं पोट मापून बनवलेलं असतं. धुराची लाट तिथून उलटून येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल परत आत ढकलते. ते पोट फाडलं की खेळ खलास. चेनसॉला असलं पोट नाही, तो नुसता पत्र्याचा डबा, म्हणून तो मोकळा केलेला चालतो.

भोक पाडलं ते जुन्याच्या शेजारी, तोंड पुढे आणि टाकीपासून लांब राहील असं. आतला कीस हवेनं उडवला, तिथं छोटी नळी ब्रेझिंगनं बसवली, तिलाही स्टीलची जाळी लावली. जाळी काढून टाका म्हणणारे असतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात उभं राहून मी ते करणार नाही. नवीन पॅकिंग टाकलं आणि नाना जेवायला गेले.

मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मशीन सुरू केली, ओंडक्याचे तुकडे करत सुटलो. काय आवाज! दहा मिनिटं स्वर्ग. मग आवाज बारीक, किंचाळल्यासारखा व्हायला लागला, कापताना जोर उतरला, आणि रेस सोडली तरी मशीन खाली बसेना, तशीच वर तरंगत राहिली. बंद केली.

नानांनी हात पुसत सायलेन्सर परत काढला, टॉर्च मारला. पिस्टनवर, धुराच्या बाजूला, दोन-तीन उभे बारीक ओरखडे. प्लग पांढरट पडलेला. "वाचलास. अजून पाच मिनिटं आणि पिस्टन धरला असता."

धूर सुटायला वाट मोठी झाली की हवाही जास्त ओढली जाते, पेट्रोल मात्र तेवढंच. पेट्रोल नुसतं जळत नाही, इंजिन थंडही ठेवतं, आणि ऑइलही त्याच्याच पाठीवर बसून आत येतं. ते कमी पडलं की दोन्हीकडून मार. त्यात हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यानं मिश्रण आणखी सुकं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. तेच पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवलं तर त्यात पाणी धरतं, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी.

मग खरं काम सुरू झालं. कार्बोरेटरला तीन स्क्रू असतात: एल कमी रेसच्या पेट्रोलचा, एच पूर्ण रेसच्या पेट्रोलचा आणि तिसरा आयडलचा, म्हणजे रेस सोडल्यावरच्या वेगाचा. एचवर प्लॅस्टिकची टोपी होती, फार फिरू नये म्हणून. ती काढली. मशीन गरम करून आधी एल, रेस मारली की न अडखळता उठेल एवढा. मग पूर्ण रेस, दोन-तीन सेकंदच, आणि एच हळूहळू उघडायचा. एका जागी सरळ आवाज फाटतो, भर्र-भर्र होतो. तिथं थांबायचं. लाकडात टेकवली की हा फाटका आवाज गुळगुळीत झाला पाहिजे, आणि उचलली की पुन्हा फाटला पाहिजे. लाकडातही फाटत राहिला तर पेट्रोल जास्त, बाहेरही गुळगुळीत राहिला तर कमी. हे कानाला कळायला मला पाऊण तास लागला, नानांना दोन मिनिटं. शेवटी एच आधीपेक्षा पाव फेरा जास्त उघडा राहिला. टॅकोमीटरवर मिनिटाला 12,400 फेरे, पुस्तकातली मर्यादा 13,000.

काप आता 16 सेकंदांत. तीन सेकंदांसाठी एक दिवस, आणि आवाज इतका की इअरमफशिवाय हात लावायचा नाही. काकूंनी गोठ्याजवळ मशीन चालवायला बंदी केलीय, गाय दूध चोरते म्हणून.

डिसेंबरात निफाडला गारठा पडला आणि पहाटे मशीन पुन्हा किंचाळायला लागली. थंड हवा दाट, मिश्रण परत सुकं. या वेळी दुसऱ्याच सेकंदाला कळलं. एच अजून थोडा उघडला. स्क्रूवर आता नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत, मे महिन्याची लाल आणि डिसेंबरची गुलाबी. बाटली बायकोची, तिला अजून सापडलेली नाही.