थ्रेड बदलतो तो क्षण: माझा अनुभव

प्रोसेसरच्या एका कोअरवर (सूचना चालवणाऱ्या एका भागावर) एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला सूचनांचा एक स्वतंत्र प्रवाह, चालतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्यांची आलटून पालटून पाळी लावते, हे मी कित्येकदा वाचलं होतं. पण चालता थ्रेड थांबून दुसरा जिथे सुरू होतो ती ओळ कोणती, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. शेवटी लिनक्सवर, ६४ बिट इंटेल प्रोसेसरसाठी, पाळी बदलणारं फंक्शन स्वतःच असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत, लिहायला घेतलं.

मोजून १५ सूचना झाल्या. सहा रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) स्टॅकवर, म्हणजे थ्रेडच्या मेमरीतल्या चळतीवर, ढकलायची, स्टॅक पॉइंटर (चळतीचा माथा दाखवणारा पत्ता) जुन्या थ्रेडच्या नावे जपून ठेवायचा, नव्याचा उचलायचा, सहा रजिस्टर परत काढायची आणि रिटर्न. परतीचा पत्ता स्टॅकवरच असतो. स्टॅक बदलला की पत्ताही दुसऱ्याचा. म्हणजे फंक्शनमध्ये शिरतो एक थ्रेड आणि बाहेर पडतो दुसराच! हे उमगलं तेव्हा मला बसवेना, खोलीत फेऱ्या मारत राहिलो.

अडलो ते पुढे. नवा थ्रेड या फंक्शनमध्ये कधी शिरलेलाच नसतो, मग बाहेर कसा पडणार? त्याच्यासाठी स्टॅक हातानेच रचावा लागतो: सहा शून्यं आणि वर त्याच्या पहिल्या फंक्शनचा पत्ता. तसं केलं, थ्रेड सुरूही झाला, पण ओळ छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनला हात लावला की प्रोग्राम कोसळे. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. फंक्शनमध्ये शिरताना स्टॅक पॉइंटरला १६ ने भागल्यावर ८ उरले पाहिजेत, माझ्याकडे शून्य उरत होते. पत्त्याच्या वर ८ बाइट मोकळे सोडले आणि ओळ छापून आली.

सहाच रजिस्टर का पुरतात, हेही तेव्हाच कळलं. थ्रेड इथे स्वतः फंक्शन बोलावून येतो, त्यामुळे बाकीची हवी असतील तर त्याने आधीच जपलेली असतात. टायमरचा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारा संकेत) मात्र न विचारता येतो. तेव्हा आत शिरतानाच सगळी सर्वसाधारण रजिस्टर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, स्टॅकवर जातात. मग शेड्यूलर (पाळी ठरवणारा कर्नलचा भाग) पुढचा थ्रेड निवडतो आणि माझ्यासारखीच अदलाबदल कर्नलच्या दोन स्टॅकमध्ये होते.

हे खरंच घडताना बघायचं होतं. नुसते आकडे मोजत बसणारे दोन प्रोग्राम टास्कसेट या कमांडने एकाच कोअरला बांधले आणि चालू प्रोग्रामची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरमधली त्यांची स्टेटस फाइल उघडली. आपणहून पाळी सोडल्याची संख्या जागची हलेना. ओढून काढल्याची मात्र, जेव्हा बघावं तेव्हा वाढलेली.