एफएसटॅबमधली एक ओळ

रात्री दीड वाजता लिनक्स सर्व्हर रीस्टार्ट केला आणि तो परत आलाच नाही. पिंगला उत्तर नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) नाही. कन्सोल उघडला तर लाल तारे मागेपुढे सरकताहेत आणि शेजारी ९० सेकंदांची मोजणी. मग थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरती सुरू झालेली सिस्टम.

चूक माझीच. दुपारी बॅकअपची जुनी डिस्क काढली, पण एफएसटॅबमधली (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीची फाइल) तिची ओळ तशीच राहिली. सुरुवातीला इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळची छोटी तात्पुरती सिस्टम) सहसा फक्त रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, माउंट करतं, म्हणजे जोडतं. बाकीच्या डिस्कसाठी सिस्टमडी (पुढचं सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब वाचून ओळीगणिक एक माउंट युनिट, म्हणजे जोडणीचं एक काम, बनवतं. ओळीत ‘नोफेल’ (नाही सापडली तरी पुढे जा) नसेल तर ती डिस्क सापडेपर्यंत किंवा मोजणी संपेपर्यंत गाडी पुढे सरकत नाही. नसलेल्या डिस्कची वाट बघत बसलं बिचारं!

इमर्जन्सी मोडमध्ये शिरायला लागणारा रूट युजरचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड आठवला, हे नशीब. (तो आठवला नसता तर ही पोस्ट बरीच लांबली असती.) ओळ वाचली जाऊ नये म्हणून तिच्याआधी हॅश (#) टाकला, रीबूट केलं, दोन मिनिटांत सगळं सुरू.

आता एफएसटॅबमध्ये डिस्कची एसडीबीसारखी नावं लिहीत नाही, ती पुढच्या बूटला बदलू शकतात, यूयूआयडीच (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहितो. आणि रीबूटआधी ‘माउंट’ कमांडला ‘ए’ पर्याय देऊन एफएसटॅबमधलं सगळं जोडलं जातंय का, ते बघतो. त्या दुपारी एवढं केलं असतं तरी झोप मिळाली असती.